गोगलगाय: तिचा रंग आणि तिची जाति

'गोगलगाय आणि पोटांत पाय' ही म्हण आमच्या वाचकांपैकीं लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. वरून गरीब दिसणारा व आंतून कावेबाज असा मनुष्य भेटला म्हणजे आपण तिचा उपयोग करितों. कपटाचा हा आरोप बिचाऱ्या गोगलगायीच्या माथीं उगाच बसला आहे. परंतु म्हणींतील दुसरे दोन शब्द मात्र शास्त्रदृष्ट्या तंतोतंत खरे आहेत. ज्या प्राणिवर्गांत गोगलगायीची गणना होते त्याचें पाश्चात्त्य नांव गॅस्ट्रोपोडा असें आहे, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'पोट हाच ज्यांचा पाय' असा आहे. आमच्या आज्यापणज्यांनीं परसांत पाहून जें ओळखलें, तेंच युरोपांतील पंडितांनीं ग्रीक भाषेंत सांगितलें. मराठींत या वर्गास उदरपाद म्हणतात.

या उदरपादांपैकीं पाठीवर शंख वाहणाऱ्या गोगलगायी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु पावसाळ्यांत न्हाणीघराच्या भिंतीवर, कुंड्यांच्या बुडाशीं, कुजक्या पानांच्या ढिगांत जी मऊ, ओलसर, शंख नसलेली गोगलगाय दिसते, तिला कोणी नीट नांवही देत नाहीं. कोणी शेंबी म्हणतात, कोणी शेंबडी म्हणतात, आणि बहुतेक मंडळी किळस येऊन मीठ आणावयास स्वयंपाकघराकडे धांवतात. आपल्या बागांतून काळी, चपटी, पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली जी एक गोगलगाय नेहमीं सांपडते, ती मूळची आफ्रिकेंतील असून माणसांच्या रोपांबरोबर व मालाबरोबर देशोदेशीं पसरली आहे. तिच्याकडे पाहून या मंडळींत कोणी देखणें असेल अशी कल्पनाही मनांत येत नाहीं. म्हणून आज आम्ही वाचकांस ऑस्ट्रेलिया खंडांत नेऊं इच्छितों. तेथील एका डोंगराच्या माथ्यावर जवळजवळ वीतभर लांबीची व नवरीच्या शालूसारख्या भडक गुलाबी रंगाची बिनशंखाची गोगलगाय राहते. ती कोण, कोणत्या जातीची, हा प्रश्न सोडवितांना तिच्या रंगानेंच पाहणारांस बराच काळ चकविलें. ती हकीकत कळण्यासाठीं प्रथम या प्राण्याच्या शरीराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

शंखाची गोगलगाय आपलें घर पाठीवर घेऊन हिंडते. ऊन तापलें कीं आंत शिरावें, दार लावावें, आणि पाऊस पडेपर्यंत निजून राहावें, हा त्या घराचा मोठा फायदा. परंतु घर बांधावयास चुना लागतो; ज्या मातींत चुन्याचा अंश कमी तेथें तो मिळविणें कठीण. शिवाय घर घेऊन दगडाच्या बारीक फटींत किंवा झाडाच्या सालीखालीं शिरतां येत नाहीं. म्हणून जमिनीवरील गोगलगायींच्या अनेक कुळांत, एका कुळाचा दुसऱ्याशीं निकट संबंध नसतांही, शंख पिढ्यानुपिढ्या लहान होत जाऊन शेवटीं तो कातडीखालीं दडल्याचें किंवा अजिबात नाहींसा झाल्याचें दिसतें. यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बिनशंखाच्या गोगलगायी हें एक कुटुंब नव्हे. एकाच शाळेचा गणवेष घातलेलीं मुलें निरनिराळ्या घरचीं असावींत, तसा हा प्रकार आहे.

शंख टाकल्याचा मोबदला हिला द्यावा लागतो तो पाण्याच्या रूपानें. हिच्या देहांत बहुतांश पाणीच असतें आणि कातडी इतकी पातळ कीं तें सदैव उडून जात असतें. दाविदाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ५८ व्या स्तोत्रांत सरपटतां सरपटतां विरून जाणाऱ्या गोगलगायीची उपमा आलेली आहे, ती आमच्या ख्रिस्ती वाचकांस आठवेल. कोरड्या दगडावर तिच्यामागें राहिलेला चकचकीत पट्टा ज्यानें पाहिला असेल त्याला ती उपमा किती सहज सुचण्यासारखी आहे हें कळेल. तो पट्टा म्हणजे तिचा चिकट स्राव. तोच तिचा रस्ता, तोच तिचा ओलावा, आणि प्रसंगीं तेंच तिचें शस्त्र. मिठानें ती मरते याचें कारणही पाणीच होय. अंगावर मीठ पडलें म्हणजे त्या ओल्या कातडींतून आंतील पाणी बाहेर ओढलें जातें, आणि जीव तळमळून मरतो. ही करमणूक नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती करूं नये.

त्याऐवजीं दुसरा एक प्रयोग आहे, तो अवश्य करावा. कांचेच्या स्वच्छ तुकड्यावर पान सरकवून गोगलगायीस अलगद ठेवावें, आणि ती चालूं लागली म्हणजे कांच वर धरून खालून पाहावें. तिच्या रुंद पायावरून फिकट व गडद पट्ट्यांच्या लाटा एकामागून एक पुढें सरकतांना दिसतील. त्या स्नायूंच्या लाटा होत, आणि त्यांच्याच जोरावर ती स्रावाच्या थरावरून पुढें जाते. मात्र तिला उघड्या हातानें धरूं नये, आणि नंतर हात साबणानें धुवावे. कारण कांहीं गोगलगायींच्या अंगांत उंदरांपासून आलेले सूक्ष्म जंत असतात व ते माणसाच्या पोटांत गेल्यास मेंदूस अपाय करूं शकतात. पावसाळ्यांत पालेभाजी चांगली धुवून घ्यावी असें घरांतील वडील मंडळी सांगतात, त्यास हेंही एक कारण आहे.

तोंडांत हिला एक चमत्कारिक जीभ असते. तिच्यावर कानशीच्या दांत्यांप्रमाणें बारीक दांतांच्या रांगाच रांगा असून त्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. या जिभेनें ती अन्न खरवडते. पाठीच्या पुढल्या भागावर कातडीची एक घडी असते, तिला प्रावार म्हणतात. तिच्या उजव्या बाजूस एक छिद्र उघडतां मिटतांना दिसतें, तें हिचें नाक म्हणा किंवा फुप्फुसाचें दार म्हणा. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात; वरच्या लांब जोडीच्या टोकांवर डोळे, आणि खालच्या आंखूड जोडीनें ती वास घेत व चांचपडत जाते. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळीं नर व मादी दोन्ही असते. म्हणून दोघी भेटल्या म्हणजे दोघीही अंडीं घालूं शकतात. हीं अंडीं ओलसर मातींत किंवा पाल्याखालीं मोत्यांसारखीं घातलेलीं असतात.

हा झाला सर्वसाधारण नमुना. आतां ऑस्ट्रेलियांतील ज्या कुळाविषयीं आम्हांस सांगावयाचें आहे, तें या नमुन्यास बरेंच सोडून आहे. त्या कुळाचें नांव अथोरॅकोफोरिडी. नांव उच्चारावयास अवघड, परंतु अर्थ सोपा: ग्रीक भाषेंत थोरॅक्स म्हणजे छातीवरील चिलखत; तें जे धारण करीत नाहींत ते अथोरॅकोफोरस. हें बिनचिलखती कुळ ऑस्ट्रेलियाचा पूर्व भाग, न्यू झीलंड, न्यू गिनी, न्यू कॅलिडोनिया व आसपासचीं बेटें एवढ्याच प्रदेशांत आढळतें. शिंगांची खालची जोडी यांना नसतेच; डोळ्यांची एकच जोडी. पुष्कळांच्या पाठीवर पानाच्या शिरांसारख्या खांचा असतात, म्हणून इंग्रजींत यांना पर्णशिरांच्या गोगलगायी अशा अर्थाचें नांव आहे. यांचें फुप्फुसही निराळें. तें एका पिशवीसारखें नसून त्याला असंख्य बारीक नळ्या फुटलेल्या असतात, आणि त्या पाहून कीटकांच्या श्वासनलिकांची आठवण होते. यांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे सक्सिनिया कुळांतील, पातळ व अंबरासारख्या पिवळसर शंखाच्या लहान गोगलगायी. त्या आपल्या भारतांतही आहेत. म्हणजे ज्या वीतभर गुलाबी बाईसाहेबांची आम्ही ओळख करून देणार आहों, तिची दूरची भावंडें आपल्याही ओल्या खडकांवर पावसाळ्यांत नांदत असतात; फक्त तीं नखाएवढीं आणि शंखवालीं.

या कुळांतील ऑस्ट्रेलियाची प्रसिद्ध जाति म्हणजे तांबड्या त्रिकोणाची गोगलगाय. स्वित्झर्लंडचा प्रकृतिशास्त्रज्ञ अलोइस हंबर्ट यानें १८६३ सालीं तिला ट्रिबोनिओफोरस ग्रेफेई असें नांव दिलें. ट्रिबोनियन म्हणजे जुन्या काळचे ग्रीक तत्त्ववेत्ते अंगावर घेत तसला साधा, आंखूड झगा. ज्या कुळाला चिलखत नाहीं त्यांतील या मंडळींस निदान एक तोकडी उपरणी तरी आहे, असा या दोन नांवांचा मेळ बसतो. ही उपरणी म्हणजेच वर सांगितलेला प्रावार. इतर गोगलगायींत तो चांगला ऐसपैस असतो. येथें मात्र तो आटत जाऊन पाठीवर एक लहानसा त्रिकोण उरला आहे, त्याच्या कडा लाल रेघेनें आंखलेल्या, आणि त्याच्या आंत श्वासाचें छिद्र. पायाच्या भोंवतालींही बहुधा तशीच लाल किनार असते. लांबी सुमारें १४ सेंटीमीटरपर्यंत भरते. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या किनाऱ्यापासून उत्तरेस क्वीन्सलंडपर्यंत पूर्व किनाऱ्याच्या लांबच लांब पट्ट्यांतील रानांत ती राहते.

हिचें खाणें अगदीं निरुपद्रवी आहे. रात्रीं व पावसाच्या वेळीं ती गुळगुळीत सालीच्या निलगिरीवर चढते आणि सालीवरील सूक्ष्म शेवाळ खरवडून खाते. सकाळीं त्या खोडांवर नागमोडी, वेलबुट्टीसारख्या खुणा दिसतात. त्या हिच्या जिभेच्या. कधीं कधीं ही घरांत शिरून न्हाणीघराच्या भिंतीवरील बुरशी चाटून स्वच्छ करते. असला बिनपगारी नोकर कोणास नको आहे?

परंतु या गरीब प्राण्याजवळ एक गुप्त हत्यार आहे, आणि तें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानें उजेडांत आलें. न्यूकॅसल शहराजवळच्या वॉटॅगन डोंगरांत संशोधकांस एक हिरवा वृक्षबेडूक फांदीला घट्ट चिकटून बसलेला सांपडला, आणि त्याच्या शेजारींच एक तांबड्या त्रिकोणाची गोगलगाय होती. तपासाअंतीं दिसलें कीं हिला त्रास दिला असतां ती चालण्याच्या स्रावाहून निराळा, डिंकासारखा स्राव पाठींतून सोडते, आणि तो भक्षकाचें अंग फांदीला जखडून टाकतो. चावा नाहीं, विष नाहीं, पळणें तर शक्यच नाहीं. शत्रूलाच जागेवर बसवून आपण सावकाश निघून जावयाचें! म्हणीचा कर्ता येथें असता तर 'पाहा, मी म्हणत नव्हतों?' असें खचित म्हणाला असता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या तांबड्या त्रिकोणाच्या गोगलगायीचा रंग कोणता? याचें एक उत्तर देतां येत नाहीं. कोठें ती दुधासारखी पांढुरकी, कोठें पिवळी, कोठें राखी, कोठें शेवाळी, तर कोठें तांबूस असते. त्रिकोण तोच, शरीराची ठेवण तीच, परंतु अंगाचा रंग ठिकाणागणिक निराळा. गेल्या शतकापूर्वींच्या पंडितांनीं यांतील कांहीं रंगरूपांस स्वतंत्र नांवेंही देऊन टाकिलीं होतीं. मागाहून तीं एका नांवाखालीं आणावीं लागलीं.

येथें 'जाति' या शब्दाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण आपल्या देशांत तो शब्द कानीं पडतांच मन भलतीकडेच धांवतें. प्राणिशास्त्रांतील जाति म्हणजे माणसांनीं माणसांत पाडलेले भेद नव्हेत. त्या अर्थानें पृथ्वीवरील सर्व माणसें मिळून एकच जाति आहे. जे प्राणी आपसांत वंश वाढवितात, ज्यांच्या पिढ्या एकमेकींत मिसळत राहतात, आणि इतर समूहांपासून ज्यांचा वंशप्रवाह वेगळा वाहत असतो, त्यांच्या समूहास स्थूलमानानें जाति म्हणतात. अनेक सजातीय जाति मिळून प्रजाति, अनेक प्रजाति मिळून कुल, कुलांचा गण, गणांचा वर्ग, वर्गांचा संघ, अशी चढती मांडणी आहे. आमची ही गोगलगाय मृदुकाय संघांत, उदरपाद वर्गांत, अथोरॅकोफोरिडी कुळांत, ट्रिबोनिओफोरस प्रजातींत पडते. या पायऱ्यांपैकीं वरच्या पायऱ्या सोयीच्या आहेत. त्या थोड्या इकडेतिकडे सरकविल्या तरी निसर्गाचें कांहीं अडत नाहीं. जाति ही पायरी मात्र खुद्द निसर्गांत आहे, आणि म्हणूनच ती ओळखतांना चूक झाली तर ती महाग पडते.

आणि चूक करविणारा पहिला साक्षीदार म्हणजे रंग. ज्या कार्ल लिनीअसनें १७५८ सालीं प्राण्यांच्या दुहेरी नांवांची पद्धत घालून दिली, त्यानें युरोपांतील एका मोठ्या बिनशंखाच्या गोगलगायीस दोन नांवें दिलीं: काळी दिसली तिला 'काळी', आणि तांबडी दिसली तिला 'तांबडी'. पुढें कळलें कीं काळ्या म्हटलेल्यांत तांबूस निघतात आणि तांबड्यांत काळ्या; त्या दोहोंस खरोखर दोन जाति मानावें कीं एकाच जातीचे दोन पोटभेद, हा वाद त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ रेंगाळला. म्हणून गोगलगायींचा अभ्यास करणारे लोक कातडीवर विश्वास ठेवीत नाहींत. ते शरीर उघडून आंतील जननेंद्रियांची ठेवण पाहतात, जिभेवरील दांत सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. आणि अलीकडे पेशींतील डी. एन. ए. नांवाचें आनुवंशिक द्रव्य ताडून कोणाचा वंश कोणापासून केव्हां फुटला याचा अंदाज बांधतात.

इतका सावधपणा शिकल्यावरही कापुतार डोंगरावर उलट दिशेनें फसगत झाली. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागांत, नॅराब्राय गांवाजवळ, सपाट व कोरड्या मुलुखांतून नंदेवार नांवाची डोंगररांग एकाएकी वर उठते. कापुतार हें तिचें मोठें शिखर, उंची सुमारें १५०० मीटर. सुमारें दोन कोटी वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखी धुमसत होता. तो केव्हांच विझला, परंतु त्याचा उंच माथा राहिला. त्या काळीं ऑस्ट्रेलिया आजच्याइतका कोरडा नव्हता. ओलीं, घनदाट अरण्यें दूरवर पसरलेलीं होतीं. पुढें खंड हळूहळू वाळत गेला, अरण्यें आंखडत गेलीं, आणि ओल्या जागेशिवाय जगूं न शकणारे प्राणी डोंगराच्या माथ्यावर कोंडले गेले. खालीं ऊन आणि धूळ; वर धुकें, थंडी, क्वचित् बर्फही. समुद्रांतील बेटावर अडकलेल्या माणसासारखी त्यांची स्थिति झाली. फरक इतकाच कीं यांच्या भोंवतालचा समुद्र कोरड्या जमिनीचा आहे, आणि ज्या प्राण्यास अंगणभर ऊन ओलांडतां येत नाहीं त्याला तो कधींच तरून जातां येणार नाहीं.

या बेटावर गोगलगायींचें एक आगळें राज्यच वसलें आहे. त्यांत एक मांसाहारी शंखाची गोगलगाय आहे. ती दुसऱ्या गोगलगायींच्या ओल्या पट्ट्याचा माग काढीत जाते आणि त्यांना गांठून खाते. आणि त्या राज्यांतील राणी म्हणजे आमची गुलाबी गोगलगाय. लांबी २० सेंटीमीटरपर्यंत. दिवसा ती पाल्याखालीं दडून असते. रात्रीं, आणि विशेषतः धुकें व पाऊस असलेल्या पहाटे, स्नो गम नांवाच्या निलगिरीवर चढून शेवाळ खरवडते. हवा मनासारखी असली तर एका सकाळींच शेकडों दिसूं शकतात. परंतु हें सर्व सुमारें १००० मीटरांच्या वर, त्या एका डोंगराच्या माथ्यावरील थोड्याशा चौरस किलोमीटरांत. जगांत दुसरीकडे कोठेंही नाहीं.

इतका भडक रंग कशासाठीं, याविषयीं निरनिराळीं मतें आहेत. निलगिरीचीं गळलेलीं पानें तांबूस पडतात, त्यांत लपण्यासाठीं हा रंग उपयोगी असावा असें एक मत. पण रात्र तर ती उघड्या खोडावर काढते, तेथें लपण्याचा प्रश्नच नाहीं. म्हणून एकाकी जागीं अडकलेल्या छोट्या समूहांत एखादें लक्षण निष्कारणही रुजून बसतें, तसा हा रंग रुजला असावा, असें दुसरें मत. आम्हांस दुसरें अधिक पटतें. सृष्टींतील प्रत्येक रंगामागें कांहीं तरी नफा असलाच पाहिजे, हा हट्ट व्यापाऱ्याच्या दुकानांत शोभेल.

हिच्याही पाठीवर तोच त्रिकोण. तेव्हां शास्त्रज्ञ म्हणाले: तांबड्या त्रिकोणाची गोगलगाय अनेक रंगांची असते हें आपणांस ठाऊकच आहे; ही तिचीच गुलाबी तऱ्हा. तर्क सरळ होता. लिनीअसनें रंगावर विसंबून एकीच्या दोन केल्या, आणि येथें रंगावर मुळींच विसंबावयाचें नाहीं असें ठरविल्यामुळें दोहोंची एक झाली. बाकीच्या खुणा तपासावयाच्या राहून गेल्या. शरीराची ठेवण व आनुवंशिक द्रव्य यांची तुलना झाली तेव्हां ही गुलाबी मंडळी निराळ्या वंशाची आहे असें मत दृढ झालें. २०१३ सालीं त्या उद्यानाचे वनाधिकारी माइकल मर्फी यांच्या सांगण्यावरून ही बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. तरीही शास्त्रीय लिखाणांत तिचा उल्लेख पुष्कळ दिवस 'ट्रिबोनिओफोरस, कापुतारची' अशा तात्पुरत्या संज्ञेनेंच होत आला. नवें नांव देणें म्हणजे बारसें करण्याइतकें सोपें नव्हे. एक नमुना निवडून तो संग्रहालयांत कायमचा ठेवावा लागतो, त्याचें बारीकसारीक वर्णन व चित्र छापावें लागतें, आणि जवळच्या नातलगांहून तो कोठें निराळा हें दाखवावें लागतें.

पालकांपैकीं एखादे गृहस्थ विचारतील कीं ती तऱ्हा असली काय आणि जाति असली काय, एका बुळबुळीत किड्याच्या नांवासाठीं इतका खटाटोप कशाला? त्याचें उत्तर हिशेबाचें आहे. ती नुसती तऱ्हा असेल, तर कापुतारवरील सर्व गोगलगायी उद्यां मेल्या तरी तांबड्या त्रिकोणाच्या जातीचा किनाऱ्यावरील शेंकडों कोसांचा संसार शाबूत राहील. एक रंग तेवढा कमी होईल. परंतु ती जाति असेल, तर डोंगरमाथा जळतांच तिचा वंश पृथ्वीवरून कायमचा पुसला जाईल. शिवाय हवामान तापत चाललें आहे. इतर डोंगरांवरील प्राणी उष्मा वाढला तर थोडे वर सरकतात. ज्याचें घर आधींच शिखरावर आहे त्यानें कोठें सरकावें? न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें कापुतारवरील गोगलगायींचा हा सर्व समुदाय धोक्यांत असलेला म्हणून कायद्यानें नोंदविला आहे. एकट्या गुलाबीस नव्हे, तर तिच्या शेजारणींसह, तिला खाऊं पाहणाऱ्यांसहही. हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें.

आणि माथा जळालाच. २०१९ सालच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांत जे भयंकर वणवे पेटले, त्यांतून कापुतारही सुटला नाहीं. तेथील आग कित्येक आठवडे धुमसत होती. पाला, जेथें या गोगलगायी दिवस काढतात, तो तर आगीचें पहिलें अन्न. पुष्कळांस वाटलें कीं ही कथा येथें संपली. जानेवारी २०२० मध्यें पाऊस झाला, आणि उद्यानाचे रक्षक काळवंडलेल्या खोडांमधून पाहणी करावयास गेले. तेव्हां त्यांना सुमारें ६० गुलाबी गोगलगायी जिवंत आढळल्या. ज्या खडकांच्या फटींत खोल शिरून बसल्या होत्या, त्या वांचल्या होत्या. शंख असता तर त्या फटींत शिरतां आलें नसतें.

शेंकडोंच्या जागीं साठ, हा आंकडा थोडका खरा. तेव्हांपासून त्या डोंगरावर मोजणी चालू झाली, आणि तींत फिरावयास येणाऱ्या सामान्य लोकांसही सामील करून घेण्यांत आलें. धुक्याच्या पहाटे स्नो गमच्या खोडावर गुलाबी ठिपका दिसला कीं त्याचें छायाचित्र काढावें, जागा व वेळ लिहावी, आणि आपल्या मोबाइलमधून ती नोंद संशोधकांकडे पाठवून द्यावी. त्या प्राण्यास मात्र हात लावूं नये.